शेवटच्या बंडीच्या मागे

इंझोरीहून कारंज्याला जायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. अंतर सगळ्यांना ठाऊक होतं, साडेपाच कोस. वेळ मात्र कुणालाच सांगता यायची नाही. उन्हाळ्यात टांगा अडीच तासांत पोचायचा. कापसाचा हंगाम लागला की कधी पाच तास, कधी नऊ, आणि एकदा तर सोमवारी निघालेला टांगा मंगळवारी पोचला. त्या टांग्यात माझी टपालाची थैली असायची. मी इंझोरीच्या शाळेत मास्तर होतो आणि शाळेच्याच एका खोलीत टपालाचं काम बघायचो. थैली कारंज्याच्या दुपारच्या छोट्या आगगाडीत पडली नाही की चार दिवसांनी वरच्या कचेरीतून कागद यायचा, विलंबाचे कारण त्वरित कळवावे. कारण एकच होतं, आणि ते मी दर वेळी वेगळ्या शब्दांत लिहून थकलो होतो.

कारण म्हणजे आडखिंड. वाटेत एक बुटकी टेकडी आडवी येते, तिच्या काळ्या खडकातून कुणीतरी कधीतरी ही वाट फोडली. दोन फर्लांग लांब आणि एका बंडीपुरती रुंद. आमच्याकडे मालाच्या बैलगाडीला बंडी म्हणतात. मधोमध एक मोडण, म्हणजे वळण, त्यामुळे या तोंडाला उभं राहून ते तोंड दिसत नाही. मोडणावर एका अंगाचा खडक आत गेलेला होता, तेवढ्या जागेत पाच बंड्या बाजूला घेता येत आणि समोरच्या पाच सुटत. त्या जागेला लोक पोट म्हणायचे. कापूस भरलेल्या बंड्या इंझोरीकडून शिरायच्या, रिकाम्या कारंज्याकडून. दोन्हीकडच्यांना घाई, दोन्हीकडचे शहाणे. मग आत चाळीस बंड्या तोंडाला तोंड लावून उभ्या. भरली बंडी मागे घेता येत नाही आणि रिकाम्या बंडीवाल्याला ती मागे घेण्यात कमीपणा वाटतो. तासभर शिव्या, मग तासभर भाकरी, मग पुन्हा शिव्या, असा तो कार्यक्रम चालायचा.

या खिंडीपायी ज्याचं आयुष्य गेलं त्या जगदेवची ही हकिकत आहे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आजही नाही. जे घडलं तेवढं लिहितो.

जगदेव इंझोरीचाच. उंच, हडकुळा, लांब ढांगा टाकत चालणारा. घरची वीस एकर काळी जमीन, एक धाकटा भाऊ, आणि बायको तुळसाबाई. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तुळसाबाईला दिवस गेले. एकोणीसशे चोवीस सालचा पौष महिना. पहाटे कळा सुरू झाल्या आणि उजाडता उजाडता सुईणीनं हात टेकले. मूल आडवं होतं, कारंज्याच्या दवाखान्यात न्या म्हणाली. जगदेवनं दमणी जुंपली. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी गाडी, वर छत, बैलांच्या गळ्यात घुंगरं. गोधड्या घालून तिला निजवलं आणि निघाला.

नऊच्या सुमाराला दमणी खिंडीत शिरली. पुढं कापसाच्या पंचवीस बंड्या होत्या. त्याच वेळी पलीकडून तीस रिकाम्या आत आल्या. दमणी पोटात पोचली आणि तिथंच उभी राहिली. पुढं एका बंडीचा चाकांमधला कणा मोडला होता. जगदेव एकेका गाडीवानाच्या पाया पडला. लोक काही दगड नव्हते, त्यांनी कापूस उतरवला, रिकाम्या बंड्या कलत्या करून खडकाला टेकवल्या, बैल सोडून हातांनी गाड्या ओढल्या. पण पंचावन्न बंड्यांचा गुंता तासाभरात सुटत नसतो. दुपारी दोनपर्यंत तुळसाबाईचा आवाज येत होता. मग येईनासा झाला. तीन वाजता वाट मोकळी झाली तेव्हा पुढं जायचं कारण उरलं नव्हतं. जगदेवनं पोटातच दमणी वळवली आणि इंझोरीला परत आला.

तिसऱ्या दिवशी तो एकटा खिंडीत गेला आणि तिच्या चुलीजवळचा वरवंटा त्या जागी ठेवून आला. दुसरं काय ठेवावं ते त्याला सुचलं नसणार. त्याच्या दुसऱ्या दिवशी एका गाडीवानानं वरवंट्याशेजारी एक गोटा ठेवला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी लोकांनी गोटे ठेवले ते वाईट वाटलं म्हणून. दुसऱ्या वर्षापासून ठेवू लागले ते भीतीनं. कारण त्या हंगामात एक गोष्ट पसरली होती. खिंडीतून बंड्यांची रांग निघाली की सगळ्यात शेवटच्या गाडीवानाला आपल्या मागे आणखी एक गाडी ऐकू येते. बंडी नाही, दमणी. घुंगरं वाजतात, हलकी चाकं खडकावरून कडकडतात. ती मोडणापर्यंत येते आणि थांबते. गोटा ठेवला नाही तर ती आपलं चाक धरते, असंही कुणीतरी त्यात घालून दिलं.

याचा परिणाम काय झाला तो बघा. एक गोटा एक गाडीवान, हंगामात हजारो फेऱ्या. दोन वर्षांत ढीग पुरुषभर झाला आणि पोट भरून गेलं. अख्ख्या खिंडीत गाडीला गाडी चुकवायची एकच जागा होती, ती या लोकांनी हातानं बुजवली. एक बाई कोंडीत मेली, आणि तिच्या नावानं गोटे ठेवून ठेवून यांनी कोंडी दुप्पट केली. हे मी चारचौघांत बोललो तेव्हा लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्या दिवशी वाट अडवून बसलो होतो.

कोंडी वाढली तसा जगदेव खिंडीच्या तोंडाशी येऊन राहिला. जमीन भावाच्या हवाली केली आणि पळसाच्या पानांची एक खोपी घातली. बैलाच्या गळ्यातली एक मोठी घंटा त्यानं हातात घेतली आणि नियम घातला. इकडच्या वीस बंड्या त्याच्या मागून आत जायच्या. तो पुढं घंटा वाजवत चालणार. पलीकडे निघाला की तिकडच्या वीस मागे घेऊन परत येणार. जगदेव ज्या तोंडाला नाही त्या तोंडातून कुणी शिरायचं नाही. सरकारी शिपायाचं न ऐकणारे गाडीवान त्याचं मुकाट्यानं ऐकायचे. तो तिचा नवरा होता, आणि तो पुढं असला म्हणजे ती कुणाला काही करणार नाही असा त्यांचा हिशेब होता. दिवसाला आठ-दहा फेऱ्या तो माणूस चालायचा. अशी सहा वर्षं.

आत गुंता होणं थांबलं खरं, पण माझी थैली उशिराच पोचत राहिली. टांगेवाला भाऊसिंग रोज नवं काहीतरी सांगायचा. शेवटी बत्तीस सालच्या जानेवारीत एका रविवारी मीच घड्याळ घेऊन टांग्यात बसलो. हा काय प्रकार आहे ते एकदा डोळ्यांनी बघायचं ठरवलं.

खिंडीच्या अलीकडे शंभरावर बंड्या उभ्या होत्या. जगदेव पलीकडून आला, घंटा वाजवली, आणि कुणी हललंच नाही. वीस जणांचा जथा जायचा, पण विसावा कोण होणार यावर भांडण. एकजण बैलाच्या खुरात काटा गेलाय म्हणून खाली वाकून बसला होता, मागच्यानं आपल्या पुढं जावं म्हणून. दुसऱ्यानं बैलच सोडून दिले होते. दोघे तर चिठ्ठ्या टाकत होते. मी घड्याळ लावलं. शेवटी कोण राहणार हे ठरायला एक तास दहा मिनिटं लागली. खिंड ओलांडायला बारा. म्हणजे रस्ता अरुंद म्हणून वेळ जात नव्हता, लोक एका आवाजाला भीत होते म्हणून जात होता. हे मी वरच्या कचेरीला काय लिहिणार होतो?

त्या दिवशी विसावा झाला तो हेमला नावाचा तांड्यावरचा गाडीवान. धिप्पाड आणि हसरा. कुणीच तयार झालं नाही की तो तंबाखूचा बार भरायचा आणि बंडी शेवटी लावायचा. आमचा टांगा त्याच्याच पुढं होता. मी कान देऊन बसलो. मला बंड्यांचा खडखडाट तेवढा ऐकू आला, दुसरं काही नाही. मात्र मोडणाजवळ हेमलाचे बैल कान मागे टाकून एकदम नेटानं ओढू लागले, तेवढं मी पाहिलं.

पलीकडे निघाल्यावर जगदेवनं घंटा खाली ठेवली आणि वीसही बंड्या ओलांडून मागे हेमलापाशी आला. मी टांग्यातच होतो, त्यामुळे त्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. आली का, असं त्यानं विचारलं. हेमला म्हणाला, आली. किती लांब होती? हेमलानं दोन हात पसरून अंतर दाखवलं. घुंगरं वाजत होती? वाजत होती. मोडणावर थांबली? थांबली. जगदेवनं मान हलवली आणि खडकाला टेकून उभा राहिला. बाजारात लांबच्या पाहुण्याजवळ माहेरची खुशाली विचारावी, तसं त्यानं ते सगळं विचारलं होतं.

मला राहवलं नाही. मी खाली उतरलो आणि जरा चिडूनच म्हणालो, की दिवसातून दहा वेळा तू खिंडीतून जातोस, मग दुसऱ्याला काय विचारतोस?

"मले नाई येत आयकू, मास्तर," तो म्हणाला. "साऱ्याइले येते. मलेच नाई. मी समोर, थे मांगं. सहा वर्स झाले."

मग मागून चाल, मी म्हणालो.

"चाललो होतो एक डाव. मी समोर नाई म्हनून एकबी बंडी आत गेली नाई. सकायपासून सांजलोक उभ्या होत्या. एका बंडीत एक ताप आलेलं लेकरू होतं. मंग गेलो समोर."

तो माणूस रडत नव्हता, तक्रार करत नव्हता. हमरस्त्यावर एखादं झाड पडलंय असं सांगावं, तसं त्यानं सांगितलं. सगळ्या मुलखाला ऐकू येणारा त्याच्या बायकोच्या दमणीचा आवाज त्या एकट्याला ऐकायचा होता, आणि वाट चालू ठेवायची म्हणून त्यालाच तो मिळत नव्हता. मला फार वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी, खोटं कशाला लिहू, माझ्या डोक्यात माझी थैली आली.

मी त्याच्या शेजारी खडकावर बसलो आणि समजावून सांगितलं. पोटातला ढीग काढला तर तिथं पूर्वीसारख्या पाच बंड्या बाजूला राहतील. दोन्ही तोंडांशी एकेक माणूस ठेवायचा, घंटा झाली की इकडून पाच, तिकडून पाच, पोटात एकमेकींना चुकवून निघून जायच्या. वीस-वीसचे जथे नकोत, तुझं पुढं चालणं नको. पाचाच्या शेवटी तूच चालणार म्हटल्यावर गाडीवानांना शेवटी राहण्याची भीतीही नाही. तुला मागून चालता येईल, जन्मभर.

त्यानं खिंडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "गोटे उचलले आन थे निंघून गेली तं?"

याला माझ्याजवळ उत्तर तयार होतं. ज्याला कशावरच विश्वास नाही त्याला असली उत्तरं चटकन सुचतात. मी म्हणालो, निघून गेली तर कारंज्यालाच जाईल ना. तिला तिथंच जायचं होतं. तुम्ही तिच्या वाटेत पुरुषभर गोटे रचून ठेवलेत, म्हणून ती मोडणावर थांबते.

जगदेवनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. मी सहज बोललो होतो, आणि ते त्याला किती लागलं हे कळूनही मी शब्द मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं काम सुरू केलं. गोट्यांना हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं, त्याच्या भावानंही नकार दिला. भर दुपारी गाडीवान बैल सोडून भाकरी खात, तेवढा वेळ खिंड रिकामी असे. तेवढ्या वेळात तो टोपलं भरायचा, डोक्यावर घेऊन बाहेर आणायचा आणि रस्त्याच्या कडेनं गोटे लावायचा. टाकायचा नाही, एकेक लावायचा. मग पुन्हा घंटा घेऊन चालायचा. पोटातला ढीग काढायला त्याला अठरा दिवस लागले. त्या दिवसांत ती दमणी मोडणावर पूर्वीपेक्षा जवळ, बंडीच्या अगदी मागे येऊन उभी राहते, असं हेमला सांगायचा. तिथं बैलांच्या श्वासाचाही आवाज येतो म्हणायचा. एरवी हसरा माणूस, हे सांगताना मात्र हसायचा नाही.

अठराव्या दिवशी मी शाळा लवकर सोडून गेलो. ऊन डोक्यावर होतं, पण खिंडीत सावली आणि गारवा. तळाचे दहा-बारा गोटे उरले होते. हेमला वीस पावलांवर उभा होता, त्याच्या पुढं यायला तयार नव्हता. जगदेवनं एकेक गोटा उचलला आणि शेवटी वरवंटा. तो त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसला आणि काखेत धरला.

खाली जमीन दिसली. आठ वर्षं दगडांखाली दाबलेली. तिच्यावर चाकांच्या दोन चाकोऱ्या होत्या, हलक्या गाडीच्या, कारंज्याकडे तोंड केलेल्या. चाकोऱ्यांच्या कडा ठिसूळ, आत्ता गाडी उभी राहून गेल्यासारख्या. आणि दोन्ही चाकोऱ्यांच्या पुढं, बैल उभे राहतात तिथं, शेण पडलेलं होतं. ते वाळलेलं नव्हतं. मी वाकून बोट लावलं. शेण ओलं होतं, आणि कोमट होतं. ओल एखाद्या पाझराची असू शकते, हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आजही सांगतो. पण थंड खडकात, इतक्या दगडांखाली, कोमट? हेमलानं लांबूनच विचारलं, काय आहे मास्तर. मी म्हणालो काही नाही, आणि हात मातीला पुसला.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी नवी पद्धत सुरू करायचं ठरलं. इंझोरीकडच्या तोंडाशी भाऊसिंग घंटा घेऊन उभा राहिला. कारंज्याकडच्या तोंडाशी मी, हातात घड्याळ. पहिल्या फेरीला तिकडून कुणी सोडायचं नाही असं मी ठरवलं, कारण गाडीवान बिचकलेले होते. आधी इंझोरीकडच्या पाच सुखरूप बाहेर आल्या की पुढच्यांना धीर येईल. माझ्या मागे रिकाम्या तीस-एक बंड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. बैल सुटलेले होते, रवंथ करत बसले होते.

लांबून भाऊसिंगची घंटा ऐकू आली. सहा मिनिटांनी पहिली बंडी मोडणावर दिसली, मग दुसरी. पाचवी हेमलाची. त्यानं बैलांचे कासरे घट्ट धरले होते आणि समोर पाहत होता. मला ओलांडून गेला तरी नजर वळवली नाही. त्याच्या मागे जगदेव. घंटा नाही, हात रिकामे, वरवंटा तेवढा काखेत. मान एका बाजूला कलती करून तो सावकाश चालत होता. मध्येच थांबायचा, कान द्यायचा, पुन्हा दोन पावलं टाकायचा. हेमलाची बंडी केव्हाच पुढं निघून गेली होती. खिंडीत जगदेवशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

आणि मला घुंगरं ऐकू आली.

सुरुवातीला मला वाटलं पाखरं असतील. मग चाकं ऐकू आली, हलकी, खडकावर कडकडणारी, आणि कण्याची बारीक कुरकुर. आवाज मोडणापर्यंत आला. तिथं तो थांबतो असं इतकी वर्षं सगळे सांगत होते. तो थांबला नाही. मोडण वळून सरळ खिंडीच्या या टोकाकडे आला. मी डोळे फाडून पाहत होतो. वाट रिकामी होती. धूळ उडत नव्हती. एक लांब ढांगांचा माणूस कान देत चालला होता, त्याच्या दहा पावलांमागे मी दमणी ऐकत होतो, आणि तो मान हलवत होता, की नाही, काही नाही.

माझ्या मागे बसलेले बैल उठले. साठ बैल, कुणी न हाकलता, उठून रस्त्याच्या दोन्ही कडांना झाले. मधली वाट मोकळी झाली. ओरडत धावलेले गाडीवानही मागे सरले.

दमणीनं जगदेवला गाठलं. मी पाहिलं ते एवढंच की त्याच्या धोतराचा सोगा एका बाजूला हलला. त्या दिवशी वारा नव्हता. आवाज त्याच्या अंगावरून पुढं आला, मग माझ्या इतक्या जवळून गेला की मी खडकाला पाठ लावली. दमणीचे बैल दौडत होते. आतून एका बाईचं कण्हणं मला ऐकू आलं. ते मी आजवर कुणालाही सांगितलं नाही. मग चाकं मातीच्या रस्त्याला लागली, आवाज मऊ झाला, कारंज्याच्या दिशेनं लांब लांब गेला आणि संपला.

जगदेव खिंडीबाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. वाटेच्या कडांना झालेले बैल त्यानं पाहिले. माझा चेहरा पाहिला. घड्याळ माझ्या हातातून सुटून साखळीला लोंबत होतं.

"आली का, मास्तर?"

"आली," मी म्हणालो.

"भायेर?"

"बाहेर आली. कारंज्याकडे गेली."

त्याला आजही काही ऐकू आलं नव्हतं. सगळी खिंड रिकामी करून, अठरा दिवस गोटे वाहून, सगळ्यांच्या शेवटी चालून. त्यानं काखेतला वरवंटा दोन्ही हातांत घेतला.

"मंग," तो म्हणाला, "माह्यापाशी थांबली का? जराशी?"

पोरांनी खोटं बोललेलं मला चालायचं नाही. वेळेच्या बाबतीत तर मी इतका काटेकोर, की शाळेची घंटा एक मिनिट उशिरा झाली तरी वहीत लिहायचो. मी जगदेवच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "थांबली. तुझ्यापाशी थांबली."

तो रस्त्यातच खाली बसला. वरवंटा मांडीवर घेऊन, दुपट्ट्यात तोंड घालून रडला. आठ वर्षांत त्याला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. तीस गाडीवान उभे राहिले आणि त्या दिवशी कुणीही घाई केली नाही.

त्यानंतर आडखिंडीत कुणाला काही ऐकू आलं नाही. शेवटी कोण, यावर भांडण उरलं नाही. पाच इकडून, पाच तिकडून, पोटात चुकवायचं, ही पद्धत गाडीवानांनी आठवड्यात अंगवळणी पाडली. टांगा हंगामातही तीन तासांच्या आत कारंज्याला पोचू लागला, थैली रोज गाडीत पडू लागली, वरून कागद यायचे बंद झाले. एका वर्षी तर माझ्या कामाबद्दल समाधान व्यक्त केलेलं पत्र आलं. ते मी कुठं ठेवलं मला आठवत नाही.

जगदेव गावात परत आला. भावाच्या शेतावर राखण करायचा. आणखी नऊ वर्षं जगला. वाटेत भेटला की एकच गोष्ट विचारायचा, आधीच्या वेळी विचारलीच नव्हती अशा सुरात. किती येळ थांबली होती, मास्तर? मी दर वेळी सांगायचो, घटकाभर. तो समाधानानं मान हलवायचा आणि लांब ढांगा टाकत निघून जायचा. शेवटच्या आजारात मी त्याला भेटायला गेलो तेव्हाही त्यानं विचारलं, आणि मी तेच सांगितलं.

घटकाभर काय, ती पापणी लवेपर्यंतही थांबली नव्हती. त्याच्या अंगावरून गेली तेव्हा बैलांचा वेगसुद्धा कमी झाला नाही. तिला आधीच आठ वर्षं उशीर झाला होता.